न वाळलेलं कापड

"जरा सौम्य शब्दांत सांगा हं, मॅडम," असं परवा एका शाळेच्या मुख्याध्यापिका मला फोनवर म्हणाल्या. आठवी-नववीच्या मुलींपुढं पाळीबद्दल बोलायला त्यांनी मला बोलावलं होतं. मी निवृत्त नर्स. सगळी नोकरी धाराशिव जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर गेली, तेव्हा त्याला उस्मानाबाद म्हणायचे. मी विचारलं, "सौम्य म्हणजे कसं हो?" तर म्हणाल्या, "म्हणजे थोडं वरवरचं. पालकांचे फोन येतात मग." मी फोन ठेवला आणि घरातल्या घरात फेऱ्या मारत राहिले. बाहेर वैशाखाचं ऊन होतं. शेजारणीनं अंगणात जुन्या लुगड्यावर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या, आणि सकाळी घातलेल्या पापड्यांच्या कडा अकरा वाजताच वर आल्या होत्या. त्या पापड्यांकडं बघून माझा राग आणखीनच चढला. पापड्यांचा कसला राग येतो, असं कुणालाही वाटेल. मला येतो, आणि त्याला कारण आहे.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. त्यानंतरचा उन्हाळा भूम तालुक्यातल्या आमच्या गावानं पाझर तलावाच्या कामावर काढला. मी तेरा वर्षांची होते. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते खोदायचे. आई आणि माझी मोठी बहीण अक्का मातीच्या पाट्या उचलून बांधावर टाकायच्या. अक्का अठरा वर्षांची, आदल्याच साली लग्न झालेली. दाजी साखर कारखान्याकडं मजुरीला गेले होते, म्हणून ती माहेरी आली होती. बायकांची तान्ही पोरं बाभळीखाली सांभाळायचं काम माझ्याकडं होतं.

त्या उन्हाळ्याचं सगळं मला अजून तोंडात, नाकात, तळपायात आठवतं. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची लालसर भाकरी, तिला कसलीच चव नसायची आणि गिळताना घसा खरवडायचा. कामावर वाटायच्या त्या कोरड्या पिठूळ सुकडीचा बकाणा भरला की जीभ टाळूला चिकटायची, आणि त्यावर प्यायला पाणी नसायचं. टँकर यायचा तेव्हा त्याच्यामागं धुळीत एक ओली रेघ उमटायची, कुत्री ती चाटत चाटत यायची. लोखंडी घमेलं थोडा वेळ उपडं ठेवलं की हाताला फोड यायचा. सावली म्हणावी अशी सावलीच नव्हती. त्या बाभळीला पानं किती, काटे किती, हे मी बसल्या बसल्या मोजत असायची. आई म्हणायची, "आगं, डोस्क्यावर पदर घे, न्हायतर मेंदू शिजंल."

आता सांगते. पाणी नव्हतं, दाणा नव्हता, गुरांना वैरण नव्हती. पण ऊन होतं. नुसतं होतं काय म्हणता, उतू जात होतं. मिरच्या वाळत होत्या, ओल्या चिंध्या डोळ्यांदेखत वाळत होत्या, माणसं वाळत होती. आणि त्या उन्हात आमच्या गावातल्या एकाही बाईचं पाळीचं कापड कधी वाळलं नाही. कारण त्यानं उन्हात यायचंच नव्हतं. माणसाच्या नजरेला ते पडलं तर म्हणे घरावर संकट येतं. वर्षभर पाऊस पडला नव्हता, विहिरी कोरड्या ठाक पडल्या होत्या, गुरं उभ्या उभ्या मरत होती. यापरीस मोठं संकट आणखी कुठलं यायचं राहिलं होतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. तेरा वर्षांच्या पोरीला तोंड असतं, पण ते कशासाठी उघडायचं हे ठरलेलं असतं.

आमच्या घरामागं तट्ट्याच्या आडोशाची न्हाणी होती. तिच्यात एक मोठा दगड. भांडी विसळलेलं पाणी त्या दगडाच्या कडेनं खाली मुरायचं. सगळ्या अंगणात ओलसर जागा ती तेवढी एकच. आई आणि अक्का कापड विसळायच्या ते त्याच पाण्यात, भांड्यांनंतर, तांब्याभर उरलं तर. चांगल्या पाण्यावर त्या दिवसांत त्यांचा हक्क नव्हता. मग ती घडी माझ्या हातात यायची. मी ती दगडामागं सारायची आणि वरून फाटकं पोतं टाकायची. मला अजून पाळी आलेली नव्हती, माझ्याकडं कुणाचं लक्ष जात नसे, म्हणून हे काम माझं. आणि मी ते चोख करायची. आई कौतुकानं शेजारणीला सांगायची, "माझ्या धाकटीच्या हातचं कुणाला दिसायचं न्हाय बगा." मला तेव्हा काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

आणि आम्ही कोण, तर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले. दादांनी छप्पन सालानंतर घरातले देवांचे टाक नेऊन विहिरीत टाकले होते, नवसाची कोंबडी बंद केली होती, अंगात येणाऱ्या चुलतीला खडसावून घरी बसवलं होतं. मला शाळेत घालायला त्यांनी भावकीशी भांडण केलं. असा माणूस. पण न्हाणीतल्या दगडामागं काय असतं हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि त्यांना कुणी सांगितलं नाही. देव गेले, देवाचा कोप गेला, तेवढा बाईच्या कापडाचा विटाळ मात्र राहिला. गावात आमची घागर टँकरला शेवटी लागायची, त्याचा दादांना संताप यायचा. घरात आईनं पाच दिवस माठाला हात लावायचा नाही, याचा यायचा नाही. दादांवर माझा जीव होता, तरी ही गोष्ट मी त्यांना माफ केलेली नाही.

कामावर मंगळवारी नर्सबाई यायच्या. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. बायका त्यांना भ्यायच्या, कारण त्या आल्या की एकच विषय, ऑपरेशन. किती पोरं झाली, आता बास करा, नाव लिहू का? त्यांना वरून तेवढंच सांगितलेलं असणार. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि पांगायच्या. एक दिवस मात्र एका म्हातारीनं त्यांना धरलं. "बाई, आमच्या पोरीला खाली लई खाज सुटतीया, आन् पांढरं जातंया. त्येचं काय तरी सांगा." नर्सबाईंनी इकडं तिकडं बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "हे बघा, पाळीचं कापड असतं ना, ते तुम्ही..." एवढ्यात मुकादम पाणी प्यायला बाभळीपाशी आला. नर्सबाई गप्प. मग एकदम मोठ्यानं, "आणि दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर असावं!" मुकादम पाणी पिऊन, मिशा पुसून, तिथंच विडी ओढत बसला. नर्सबाई पिशवी उचलून गेल्या. आठ दहा बायका कान टवकारून बसल्या होत्या, त्याही उठल्या. मी एक पोर मांडीवर, एक पाठीशी घेऊन तिथंच होते. ते वाक्य पुरं झालं असतं तर त्याला मोजून चार शब्द आणखी लागले असते.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी अक्काचं पडलं. तिला दुसरा महिना होता, हे आईला ठाऊक होतं, मला नव्हतं. तरी ती पाट्या टाकत होती, कारण हजेरीत नाव राहायला हवं. दुपारी बांधावरच ती पोट धरून खाली बसली. आई धावली, चार बायका धावल्या आणि पदर पसरून तिच्याभोवती भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. आईनं मला हाक मारली आणि कानात सांगितलं, "पळ घराकडं. दगडामागचं घिऊन ये. कुणाला दिसू दिऊ नगंस." मी पळाले. अनवाणी, त्या तापलेल्या वाटेनं. पोतं बाजूला केलं, घडी घेतली. ती ओली होती. घडीत माती होती, आणि आंबूस वास येत होता. मी ती परकराच्या आत, पोटाशी धरली आणि परत पळाले. पोटाला तिचा गारवा लागत होता आणि त्या उन्हात मला तो, खरं सांगते, बरा वाटत होता. पोचल्यावर आईनं एकच विचारलं, "कुणी बघितलं न्हाय नव्हं?" मी मान हलवली. कापड स्वच्छ आहे का, हे कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कोण? ते विचारायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवसापासून अक्काला ताप. अंगाला हात लावला तर चटका बसावा असा. अंगावरून जायचं त्याला घाण वास. ओटीपोटाला हात लावू द्यायची नाही. आईनं काढे दिले, शेक दिला. कुणीतरी सांगितलं की बाजाराच्या गावी शाळेत कॅम्प लागलाय, मुंबईकडची बाई डॉक्टर आलीय, बायकांनाच तपासते. आई आणि मी अक्काला मालाच्या ट्रकमधून घेऊन गेलो. शाळेच्या पटांगणात तंबू, वर लाल त्रिकोणाचे फलक. ऑपरेशन करून घेणाऱ्या बाईला नवी कोरी बादली देत होते. त्या उन्हाळ्यात बादली! भरायची कशानं, ते त्यांनाच ठाऊक. आम्ही ओळीत उभ्या राहिलो. ओळ पुढं सरकत टेबलापाशी आली. टेबलामागं वही घेऊन एक कारकून बसला होता.

"केस कुणाची?"

आईनं अक्काला पुढं केलं.

"मुलं किती?"

"एकबी न्हाय, सायेब. पडलं. ताप हटंना तिचा, अंगावरनं जातंय..."

"एकही नाही?" त्यानं पेन खाली ठेवलं. "मग इथं काय करताय? हा कुटुंब नियोजनाचा कॅम्प आहे. मुलं झाल्यावर या."

मागच्या ओळीत कुणीतरी फिसकन हसलं. तंबूच्या पडद्याखालून मला डॉक्टरणीच्या पांढऱ्या साडीचा काठ दिसत होता, दहा पावलांवर. आईनं हात जोडले, "सायेब, नुसतं बगा म्हणावं." तो म्हणाला, "बाई, पुढच्या केसेस खोळंबल्यात." आम्ही बाजूला झालो. अक्का शाळेच्या पायरीवर बसली, तिला उभं राहवत नव्हतं. मुलं झाल्यावर या! इतकी वर्षं झाली, आजही हे वाक्य आठवलं की माझे कान तापतात. मुलं थांबवायला सरकारकडं तंबू होता, जीप होती, डॉक्टर होती, बादली होती. मुलं व्हायची जागा सडत चालली होती, तिच्यासाठी त्या वहीत रकाना नव्हता.

महिन्याभरानं ताप आपोआप उतरला. सगळे म्हणाले, पोरगी बरी झाली. पाऊस पडला, दाजी आले, अक्का सासरी गेली. मग वर्ष गेलं, दोन गेली, चार गेली. तिची सासू आधी आडून बोलायची, मग तोंडावर बोलायला लागली. वटी भरायला तिला बोलवीनात. बारशाला गेली तर पाळण्यापासून लांब बसवायचे. पाचव्या वर्षी दाजींनी दुसरी केली, आणि अक्कानं सवतीची दोन बाळंतपणं काढली. हे सगळं चालू असताना ती भेटेल त्याला एकच विचारायची, "माझ्यात काय खोट हाय?" आईला विचारायची, सासूला विचारायची, आणि एकदा, दादांना न कळू देता, देवऋष्यालाही विचारून आली. त्यानं मागच्या जन्मीचं काहीतरी सांगितलं. तिनं ते खरं धरलं, कारण दुसरं कुणी काही सांगतच नव्हतं. मूल नाही याचं तर दुःख होतंच, पण आपण असं काय केलं हे न कळल्यानं ती आतून झिजत होती. तिचा आवाजसुद्धा हळूहळू खाली गेला.

मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला गेले ती विशीत. एका दुपारी शिकवणाऱ्या सिस्टर वहीतून मजकूर सांगत होत्या आणि आम्ही लिहून घेत होतो. "मासिक पाळीचे कापड स्वच्छ पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावे." स्वल्पविरामापुरतंसुद्धा न थांबता पुढं, "गर्भपातानंतर अस्वच्छ कापड वापरल्यास जंतुसंसर्ग होतो. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, ओटीपोटात वेदना. वेळीच उपचार न झाल्यास गर्भनलिका बंद होऊन कायमचे वंध्यत्व येऊ शकते." माझा पेन थांबला. शेजारची मुलगी म्हणाली, "अगं, लिही की." मी लिहिलं. अक्षर वाकडं तिकडं आलं. नर्सबाईंचं त्या दिवशीचं पुरं न झालेलं वाक्य ते हेच. एवढंसं होतं हो! यात लाजण्यासारखं काय होतं? यात मुकादमानं ऐकू नये असं काय होतं? ऐकलं असतं त्यानं, तर त्याची बायकोही शहाणी झाली असती. त्या रात्री मला झोप आली नाही. फक्त त्या कापडानंच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही, जड पाट्या होत्या, उपासमार होती, न मिळालेलं औषध होतं. पण ते कापड मी आणलं होतं, आणि त्याचा ओलावा माझ्या पोटाला आठवत होता.

पुढं मला लोहाऱ्याजवळच्या एका गावी उपकेंद्र मिळालं. वर्षाभरानं मी अक्काला सासरहून माझ्याकडं घेऊन आले. कुणी अडवलं नाही. तिथं बायका एका ठिकाणी सापडायच्या त्या फक्त दूध सोसायटीत, सकाळी, किटल्या घेऊन रांगेत. गाय बाईनं पाळायची, शेण बाईनं काढायचं, दूध बाईनं घालायचं, आणि सभासद म्हणून नाव नवऱ्याचं. ते असो. मी ठरवलं, आपण इथंच बोलायचं. पहिल्याच दिवशी मी पाळीच्या कापडाचा विषय काढला, तर चेअरमन अण्णा खुर्चीतून ताडकन उठले. "ओ नर्सबाई! हितं चार माणसं येत्यात. असलं बोलायची जागा हाय का ही? दूध नासंल."

मी त्यांच्या खुर्चीमागं बघितलं. भिंतीवर हातभर लांबीचा रंगीत तक्ता टांगला होता. गाईची जननसंस्था. गर्भाशय, बीजकोश, नळ्या, योनिमार्ग, सगळं गुलाबी आणि निळ्या रंगात, नावांसकट. संकरित गाई आल्यापासून तो तिथं होता. त्याच्याखाली बसून हे चार लोक रोज चहा पीत बोलायचे, कुणाची गाय माजावर आली, कुणाची माजाची चिकट सोट टाकतेय, कुणाची वार अडकली, कुणाची उलटली. बायकांसमोर, पोरांसमोर, अगदी मोकळ्या तोंडानं.

"अण्णा, तुमच्या डोक्यामागं काय टांगलंय?"

अण्णांनी वळून बघितलं. "त्ये? त्ये गाईचं हाय."

"व्हय की. गाईला अब्रू नसती, तेव्हा तिला औषध मिळतं. बाईला अब्रू असती, म्हणून तिनं मरायचं. असंच ना?"

अण्णा चांगलेच घुश्शात आले. म्हणाले, वर तक्रार करतो. करा म्हटलं. रांगेत काशीबाई होत्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, वयानं मोठ्या आणि कुणाला न भिणाऱ्या. त्या किटली खाली ठेवून म्हणाल्या, "आवं चेअरमन, आमच्या मेंढीला रोग झाला तर आमी चारचौघांत बोलतो. सुनंला झाला तर कोपऱ्यात. बोलू द्या की तिला." मग तक्त्यापाशी येऊन त्यांनी बोट ठेवलं. "बाई, आमची पिशवी बी अशीच आसती व्हय? शिंगावानी?"

"शिंगं नाहीत, काशीबाई. बाकी पुष्कळसं तसंच."

"शिंगं न्हाईत तीच खोट झाली," त्या म्हणाल्या, आणि सगळी रांग हसली. अण्णा बाहेर जाऊन उभे राहिले. त्या दिवसापासून मी त्या गाईच्या तक्त्यावर बायकांना त्यांचं शरीर शिकवलं. दुसरा तक्ता मला कुणी दिलाच नव्हता, मागितला तेव्हा वरून ऑपरेशनची पोस्टरं आली. कुणी चेष्टा केली, कुणी घरी मार खाल्ला. एकीच्या नवऱ्यानं अंगणात वाळत घातलेलं कापड काठीनं उचलून उकिरड्यावर फेकलं. तिनं दुसरं घातलं. मला लई चेव चढला होता त्या दिवसांत. लाजून गप्प बसणाऱ्या सगळ्या जगाला मी शिव्या देत फिरायची.

पण एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. रांगेत अक्का असली की मी एक भाग गाळायची. गर्भ पडल्यावर काय जपावं, ताप आला तर काय होतं, नळ्या कशा बंद होतात, हे मी तिच्यासमोर कधीच बोलले नाही. तिला दुखायला नको, असं मी स्वतःला समजवायची. एकदा भाकरी थापता थापता तिनं मला विचारलंही होतं, "तू येवढी शिकलीस. तुझ्या पुस्तकात लिवलंय का गं, बाईला पोर का व्हत न्हाय?" मी ताटात बघत म्हणाले, "बऱ्याच कारणांनी होत नाही, अक्का." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "आसंल माझंच काय तरी," म्हणाली. मी जेवत राहिले.

सोसायटीकडून अक्कानं एक संकरित गाय घेतली होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिचं नाव चांदी. अक्कानं तिला पोटच्या पोरीसारखं जपलं. चांदी गाभण राहिली आणि सहाव्या महिन्यात गाभडली, वासरू पडलं. वार अडकली, वास सुटला. गुरांचे डॉक्टर तेव्हा रजेवर होते, यायला आठवडा लागला. गाय वाचली, पण त्यानंतर तीनदा भरवूनही ठरेना. उन्हाळा होता. डॉक्टर पुन्हा आले, खांद्यापर्यंत हातमोजा चढवून त्यांनी गाय तपासली. मी कामावर निघाले होते, पिशवी खांद्याला, दारात उभी. अक्का गाईच्या मानेला हात लावून उभी होती.

डॉक्टरांनी हात धुतला. "आता ही गाभण राहील असं वाटत नाही, बाई. गाभडल्यावर आत पू झाला, सूज आली. पिशवी कडक लागतेय, नळ्याही बंद झाल्या असणार."

"कशानं झालं म्हणायचं, डाक्टर?"

"आत घाण गेली की होतं. वेळेवर औषध मिळालं असतं तर पिशवी वाचली असती."

"तवा ताप येतुया का जनावराला?"

"येतो ना. चांगला फणफणून येतो."

"आन् वास? मातीवानी, सडल्यावानी?"

"हो, तोच तर."

"मग ताप आपला आपन उतरतुया. मानूस म्हणतंय, बरी झाली."

डॉक्टर हसले. "बरोबर ओळखलंत. वरून बरी दिसते. पण आत व्हायचं ते झालेलं असतं." मग गाईच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हिचा काही दोष नाही यात, बाई. उगी हिला बोल लावू नका."

ते पिशवी आवरून गेले. अक्का गाईच्या मानेवरचा हात न काढता तशीच उभी होती. मी तिथून निघायला हवं होतं, निघाले नाही. तिनं माझ्याकडं बघितलं.

"तुला ठावं व्हतं?"

मी हो म्हणाले.

"कदीपासनं?"

"ट्रेनिंगपासून. पाच वर्षं झाली." आणि मग मी सगळं एका दमात सांगून टाकलं. दगडामागचं कापड, त्याची माती, त्याचा वास, मीच पळत आणलेलं, मीच पोटाशी धरलेलं. "म्हणून तोंड उघडलं नाही, अक्का. माझ्याच हातानं झालं ते."

"कापडाचं मला सांगू नगंस," ती म्हणाली. तिचा आवाज इतक्या वर्षांत पहिल्यांदा चढला होता. "तेरा वर्साचं पोर तू. आयनं सांगितलं, तू आणलंस. त्येचं म्या तुला कदी धरणार न्हाय. पर म्या तुला चुलीपुढं बसून इचारलं व्हतं. तोंडानं इचारलं व्हतं. रोज म्या सोताला शिव्या देत व्हते, मागल्या जल्माचं पाप म्हणत व्हते, आन् तू समूर बसून भाकर खात व्हतीस. सगळ्या गावाच्या बायांना सांगत फिरलीस. काशीबाईला सांगितलंस. तिच्या सुनंला सांगितलंस. लाज कुनाची वाटली तुला? माझी का तुझी?"

तिनं खाली वाकून चांदीपुढं पेंडीचं घमेलं सरकवलं, आणि पदरानं हात पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझा दोष न्हाय, हे मला गुरांच्या डाक्टरानं सांगितलं. घरात नर्स आसून."